खंडेनवमीला उचललेला पाना

आमच्या घरात सकाळी माणसांच्या आधी भीती जागी व्हायची. गाडी सुरू होईल की नाही, ही ती भीती. आई चुलीपुढं भाकरी थापत असायची, मी दारात दात घाशीत उभी असायची आणि आप्पा अंगणात फटफटीशेजारी. पहिली किक, दुसरी, तिसरी. प्रत्येक किकेबरोबर आईच्या थापटण्याचा आवाज थांबायचा आणि गाडी नुसतीच खोकली की पुन्हा सुरू व्हायचा. पाचव्या किकेपर्यंत आम्ही धीर धरून असायचो. सहावीला आई पिठाचा हात तसाच वर ठेवून दाराकडं बघायची. मग केव्हातरी गाडी एकदम धडधडायची, दोन्ही सायलेन्सरांतून निळा धूर सुटायचा, जळक्या ऑइलचा वास घरभर व्हायचा आणि तव्यावरची भाकरी एका अंगानं करपलेली असायची. शाळेत डबा उघडला आणि भाकरी काळी निघाली की शेजारची मैत्रीण विचारायची, काय गं, आज कितव्या किकेला? तिला गंमत वाटायची. मला नाही वाटायची.

आमचं घर बोरगावच्या पुढं मळ्यात होतं. गाव दीड-दोन किलोमीटर, एस.टी.चा रस्ता तेवढाच लांब, आणि शेजार म्हणावा तर उसाचा. आप्पा निपाणीत एका तंबाखूच्या वखारीत वजनावर होते. शेती पोटापुरती, वखारीचा पगार बाकी सगळ्यासाठी. वखारीचा मालक वाईट माणूस नव्हता, पण दारं उघडायच्या वेळी काट्याजवळ माणूस पाहिजे म्हणायचा, आणि त्यात त्याचं काही चुकत नव्हतं. पहिली एस.टी. त्या वेळेनंतर यायची. म्हणून ती फटफटी. माझ्या जन्माआधी आप्पांनी ती कुणाकडून तरी वापरलेली घेतली होती. मी दहावीला गेले तोवर तो नमुना कंपनीनं काढायचा बंद करून किती वर्षं झाली होती कोण जाणे. निपाणीत आधी एका दुकानात सामान मिळायचं, मग मागवावं लागायचं, मग दुकानदार आप्पांना बघितलं की लांबूनच मान हलवायला लागला.

तेव्हापासून आप्पा बंद पडलेल्या गाड्यांच्या मागं लागले. कुणाच्या गोठ्यात तशी गाडी उभी आहे, तिच्यावर कोंबड्या बसतात, अशी बातमी आली की रविवारी हे निघाले. मुलगी बघायला जावं तसे धुतलेले कपडे घालून जायचे, चहा घ्यायचे, पाऊसपाण्याचं बोलायचे आणि उठता उठता गाडीचा विषय काढायचे. एकदा थेट बेळगावपलीकडं उचगावला गेले. गाडीचा मालक वर्षापूर्वी वारला होता. त्याची बायको गाडी विकायला तयार नव्हती. चाकं नको, इंजिन नको, फक्त पॉईंट द्या म्हणून आप्पांनी गळ घातली, तेव्हा ती म्हणाली, आतलं असंल तर न्या, भायनं मला तशीच दिसू दे. तो पॉईंट आप्पांनी घरी येऊन आईच्या हातावर ठेवला. बोटाच्या पेराएवढी वस्तू. दोन बारीक गुंड्या एकमेकींना टेकतात, सुटतात, आणि त्या सुटण्यातून प्लगला ठिणगी मिळते. त्या गुंड्यांवर काही बसलं की ठिणगी गेली. आईनं तो हातात घेतला नाही. मेलेल्या माणसाच्या गाडीतला, असं पुटपुटली आणि देव्हाऱ्याजवळच्या कोनाड्याकडं बोट केलं.

मला गाडी शिकवली तीही हौसेनं नव्हे. आप्पा कानानं दुरुस्ती करायचे. इंजिनात कुठं काय वाजतंय ते वर बसून ऐकू येत नाही, म्हणून त्यांना गाडी चालवणारं दुसरं कुणीतरी लागायचं. मी एकुलती एक. भुईमूग निघालेल्या मोकळ्या वावरात मी पहिल्या-दुसऱ्या गियरमध्ये गाडी फिरवायची आणि आप्पा गुडघ्यापर्यंत धोतर खोचून शेजारून पळायचे, मान वाकडी करून, कान इंजिनाकडं. हात केला की थांबायचं. गाडी अंगाखाली थरथरायची आणि मी तिच्याहून जास्त. तिसरा गियर मी कधी टाकलाच नाही. रस्त्यावर तर गेलेच नव्हते. हात मात्र काळे झाले. पाना कुठला, स्क्रू कुठला, पॉईंटमधली फट जुन्या पोस्टकार्डाच्या जाडीएवढी कशी ठेवायची, हे बघून बघून येत गेलं. पुढं मी जन्मभर शाळेत गणित शिकवलं, पण त्या वयात मला सगळ्यात चोख येत होतं ते हेच.

आता त्या दिवसाचं सांगते. निवृत्त झाल्यापासून लिहायला बसले की मी या प्रकरणाला वळसा घालते. दोनदा वही बंद केली आहे.

खंडेनवमी होती. आमच्या भागात घटाला रोज माळ चढते आणि वर फुलोऱ्याला कडाकण्या टांगतात. पुऱ्यांसारख्याच, पण पातळ आणि कडक, वाऱ्यानं एकमेकींवर आपटून खुळखुळणाऱ्या. आदल्या दिवशी आईनं टोपलीभर तळल्या होत्या. खंडेनवमीला घरातली अवजारं धुऊन पूजेला मांडायची आणि दसऱ्याला सोनं लुटेपर्यंत त्यांना हात लावायचा नाही. कुठं कुठं पूजा झाली की लगेच काम सुरू होतं. आमच्याकडं नाही. आप्पा बाकी कशात फारसे देवभोळे नव्हते, पण वर्षात एक दिवस लोखंडाला विसावा, यात बदल नाही. विळा, खुरपी, कुऱ्हाड, आईचा अडकित्ता आणि त्यांच्या शेजारी आप्पांचे सगळे पाने पाटावर ओळीनं. गाडीचा जुना पॉईंट झिजून आला होता. एरवी सुट्टी मिळत नाही म्हणून आप्पांनी तो पहाटेच काढून टाकला. उचगावचा पॉईंट पूजेत ठेवायचा आणि दसऱ्याला बसवायचा, असं त्यांनी ठरवलं होतं. म्हणजे त्या सकाळी आमच्या अंगणात झेंडूच्या माळा घातलेली, लिंबावर चाक ठेवलेली, चकचकीत आणि निकामी गाडी उभी होती.

पूजा मी मांडली. आई नऊ दिवसांच्या उपासानं थकली होती, म्हणाली तूच लाव हळदकुंकू. मी लावलं. मला सगळं नीटनेटकं करायची खोड आहे, अजूनही आहे. प्रत्येक पान्याच्या दोन्ही तोंडांना, विळ्याच्या पात्याला, कुऱ्हाडीच्या दांड्याला. पॉईंट उचलला, नखानं त्याच्या दोन गुंड्या अलग केल्या आणि ओल्या बोटानं आत हळद लावली, वर कुंकू. जिथं ठिणगी जन्मते तिथंच पूजा पोचली पाहिजे असं मला वाटलं. सतरा वर्षांची होते, आणि त्या क्षणी स्वतःवर फार खूश होते.

माळेला फुलं कमी पडली म्हणून आप्पा बांधाकडं गेले. पावसानं झेंडू आडवा पडला होता. पाच मिनिटांत ते परत आले, उजवा हात डाव्या हातानं धरून, नेहमीच्याच चालीनं. ओट्यावर बसले. आईला म्हणाले, पाणी आण. मग माझ्याकडं बघून म्हणाले, "घोणस हाय. मी बघितलीया." अंगठ्याच्या बुडाशी दोन ठिपके होते आणि त्यांतून रक्त येत होतं, ते थांबत नव्हतं. माझ्या डोळ्यांदेखत हात मनगटापर्यंत सुजला. आई गावाच्या दिशेनं दोन पावलं धावली आणि थांबली. गावात जीप एकच होती, ती आणि तिचा मालक सकाळीच देवीला गेले होते, ट्रॅक्टरही त्याचाच. एस.टी.च्या रस्त्यापर्यंत चालत नेलं तर विष अंगभर होणार. गावातल्या कुणाला आधी कळलं असतं तर त्यांनी आप्पांना दवाखान्याऐवजी देवळात नेलं असतं, असं मला आज वाटतं. मळ्यात राहत होतो तेच बरं झालं.

आप्पा म्हणाले, "सुमे, पॉईंट बशीव."

मी पाटापुढं जाऊन उभी राहिले. समई जळत होती, कडाकण्या खुळखुळत होत्या. पाने फुलांखाली झाकले होते. माझा हात पुढं जाईना. हे लोखंड आज उचललं तर आप्पांना काही होईल, असं मला वाटलं. झालेलंच होतं, तरी वाटलं. भीतीत माणूस किती मूर्ख होतो ते मी स्वतःवरून सांगते. तेवढ्यात आई मागून आली. आयुष्यात जिनं पान्याला कधी हात लावला नव्हता तिनं फुलं बाजूला सारली, दोन पाने, स्क्रू-ड्रायव्हर आणि पॉईंट उचलून माझ्या ओंजळीत कोंबले आणि म्हणाली, "देवीचं माझ्याकडं लागलं. तू गाडीचं बघ."

मी बसवला. आप्पा ओट्यावरून सांगत होते, मोठा स्क्रू आधी, वायर खालच्या अंगानं. आवाज शांत होता, पण ते मधेमधे उलटी आवरत होते. पोस्टकार्ड घालून फट बघितली. झाकण लावलं. किक मारली. काही नाही. दहा मारल्या, वीस मारल्या. गाडी खोकलीसुद्धा नाही. आप्पा म्हणाले प्लग काढ, ठिणगी बघ. प्लग काढून इंजिनाला टेकवला, पण लख्ख उन्हात ठिणगी दिसायची कशी? आईनं पदर उघडून माझ्या डोक्यावर आणि इंजिनावर धरला. त्या अंधारात मी हातानं किक दाबत राहिले आणि डोळे ताणून बघत राहिले. प्लगचं टोक काळंच्या काळं. पदराबाहेर आप्पांचा श्वास ऐकू येत होता, आधी नव्हता असा, जड. मला वाटलं, आपण इथंच असे पदराखाली बसून राहणार आणि बाहेर आप्पा संपणार.

मग माझी नजर माझ्याच बोटाकडं गेली. नखात पिवळं होतं.

झाकण पुन्हा उघडलं. गुंड्यांच्या मधे हळदकुंकवाचा वाळलेला थर होता, मी लावलेला, दोन्ही अंगांना व्यवस्थित. चिंधी पेट्रोलमध्ये बुडवून पुसलं, काड्यापेटीची खरखरीत बाजू हळूच फिरवली, पुन्हा पुसलं. स्क्रू दोनदा मातीत पडला. आईनं पुन्हा पदर धरला. यावेळी निळी, टाचणीएवढी ठिणगी तडकली. या सगळ्यात किती वेळ गेला ते मला नक्की सांगता येत नाही. दहा मिनिटं असतील, पंधरा असतील. घोणस चावलेल्या माणसाची पंधरा मिनिटं मी हळद लावून घालवली, हे मी कुणालाही सांगितलेलं नाही. आई जाईपर्यंत तिलाही सांगितलं नाही. इथं पहिल्यांदा लिहिते आहे.

तिघं निघालो. मी पुढं, मधे आप्पा, मागं आई. आईनं तिचं जुनं लुगडं आणून आप्पांना माझ्या पाठीशी बांधलं, कमरेला दोन वेढे देऊन, ते घसरू नयेत म्हणून. त्यांचा सुजलेला हात माझ्या खांद्यावरून पुढं ठेवला होता. तो गरम होता आणि कोपरापर्यंत काळानिळा झाला होता. पाणंद संपून डांबरी रस्ता लागला तेव्हा आप्पा कानाशी म्हणाले, कुठंबी थांबू नगंस, बंद पडली तर परत चालू व्हायची न्हाय. मी दुसऱ्या गियरवरच होते. तिसरा टाकायची हिंमत झाली नाही. इंजिन किंचाळत होतं, गुडघ्याला त्याची आच लागत होती, आणि गाडी पकडली, तापून आत अडकली, तर काय, याशिवाय डोक्यात दुसरं काही नव्हतं. समोरून माळा घातलेला एक ट्रक आला आणि मी डोळे मिटले. खरंच मिटले. उघडले तेव्हा रस्ता मोकळा होता.

आप्पांचा आवाज पाठीतून यायचा. क्लच अर्धा. खड्डा हाय. रेस सोड जरा. मला वाटत होतं की घरात एकटे तेच कधी घाबरत नाहीत. सहाव्या किकेलाही त्यांच्या चेहऱ्यावर काही दिसायचं नाही. पण छाती पाठीला बांधलेली असली की माणसाला काही लपवता येत नाही. त्यांचं काळीज धाडधाड उडत होतं, माझ्या मणक्यावर. मधेच ते म्हणाले, "मला लई भ्या वाटतंया, पोरी." ते माझ्याशी बोलत होते की स्वतःशी, ते कळलं नाही. मी म्हणाले, व्हय आप्पा, आलंच निपाणी. आलेलं नव्हतं, निम्मी वाटही सरली नव्हती. नंतर ते बोलायचे थांबले. खांद्यावर काहीतरी ओलं लागलं म्हणून बघितलं तर माझ्या पांढऱ्या झंपरावर रक्त होतं. त्यांच्या हिरड्यांतून येत होतं. मागून आई त्यांना हाका मारत होती, त्यांच्या नावानं. आईनं आप्पांचं नाव घेतलेलं मी त्याआधी कधी ऐकलं नव्हतं.

दवाखान्याच्या दारात गाडी थांबवली तशी ती बंद पडली. दोघा माणसांनी लुगड्याची गाठ सोडून आप्पांना आत नेलं. ते जिवंत होते, पण डोळे उघडत नव्हते. तरुण डॉक्टरांनी विचारलं, चावून किती वेळ झाला? मी सांगितलं, दीड तास होत आला. एवढा उशीर का, म्हणाले. गाडी सुरू होईना, म्हणाले मी. ते खोटं नव्हतं. त्यांनी आप्पांच्या दुसऱ्या हातातून थोडं रक्त काढलं, काचेच्या छोट्या नळीत घातलं आणि नळी खिडकीत उभी करून ठेवली. नर्सबाई कानडी बोलणारी होती. तिनं आधी कानडीत सांगितलं, मग मराठीत: वीस मिनिटं हिला हात लावायचा नाही, हलवायचं नाही. चांगल्या माणसाचं रक्त तेवढ्यात गोठतं. विष भिनलं असेल तर गोठत नाही. मी खिडकीपुढं बसले. भिंतीवर घड्याळ होतं. नळीतलं रक्त लालभडक, साधं दिसत होतं. गोठ, गोठ, असं मी मनात म्हणत होते. वीस मिनिटांनी नर्सबाईनं नळी उचलून तिरकी केली आणि रक्त पाण्यासारखं कडेला आलं. तिनं माझ्याकडं बघितलं नाही. आत सलाइनमधून औषध चालू झालं.

डॉक्टर म्हणाले, सहा तासांनी पुन्हा बघू. तोवर कुणी काही सांगू शकत नव्हतं. आई बाहेरच्या पायरीवर भिंतीला टेकून बसली. नऊ दिवसांचा उपास, त्यात पाण्याचा थेंब नाही. मी तिच्यासाठी केळी आणली, तिनं हातात धरली आणि धरूनच बसली. समोर रस्त्यावरून सजवलेल्या रिक्षा जात होत्या, त्यांच्यातून पोरंसोरं फुलं उधळत होती. आतून आप्पांच्या कण्हण्याचा आवाज आला की आईचा हात माझ्या मनगटावर घट्ट व्हायचा आणि आवाज थांबला की आणखी घट्ट. दुपारी मला राहवेना. मी आत जाऊन त्यांच्या उशाशी उभी राहिले. ओठ सुजले होते, तोंडाच्या कडेला रक्त वाळलं होतं. त्यांना हाका मारून, देवाचं नाव घेऊन, शपथा घेऊन झालं. शेवटी नुसतं श्वास मोजत बसले. एक जरी लांबला तरी माझा थांबायचा.

उन्हं कलली तेव्हा नर्सबाई दुसरी नळी घेऊन आली. पुन्हा रक्त काढलं, पुन्हा खिडकीत ठेवलं. यावेळी आईही येऊन माझ्याशेजारी उभी राहिली. तिला मी काय ते समजावून सांगितलं होतं. नसतं सांगितलं तर बरं झालं असतं. वीस मिनिटं आम्ही दोघींनी नळीवरून नजर काढली नाही. वेळ झाली तरी नर्सबाई दुसऱ्या खाटेपाशी अडकली होती. तिनं लांबूनच मला खूण केली, तूच बघ. मी नाही म्हणून मान हलवली. तिनं पुन्हा खूण केली. मी नळी दोन बोटांत धरली. तिरकी केली. रक्त हललं नाही. आणखी तिरकी केली, आडवी केली, मग पार उलटी केली. रक्त तळाशी जिथल्या तिथं होतं, घट्ट. आईनं विचारलं, म्हणजे काय गं? मी ती उलटी नळी तशीच तिच्या डोळ्यांपुढं धरून उभी राहिले, आणि आई खिडकीखाली बसून केळ सोलायला लागली.